निळ्या दाराचा उंबरा

३ सप्टेंबर

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही दिवसभर मला जे तीन तीनदा सांगता, ते मी लिहूनच काढते. म्हणजे एकदाच ऐकावं लागेल." मी म्हटलं, काढ. मला अक्षर येत नाही, तुला ऐकून घेण्याची सवय नाही, दोघींचं भागेल. तर बोलणार मी, लिहिणार ती. माझ्या तोंडून जे जाईल ते सगळं उतरवायचं, तिच्याविषयी असलं तरी. तशी शपथ घातलीय. आताच तिनं नाक मुरडलं. तेही लिही.

सुरुवात उंबऱ्यापासून करते, कारण सध्या माझं जग तिथंच संपतं.

आमची गल्ली खाडीला लागून. पूर्वी खाडीचं पाणी वर्षातून एखाद्या मोठ्या उधाणाला गल्लीच्या तोंडाशी यायचं, लांबच्या पाहुण्यासारखं डोकावायचं आणि चहा न घेता परत जायचं. आता ते दर पुनवेला येतं, अवसेला येतं आणि घरजावयासारखं बसून राहतं. पाऊस नको, ढग नको. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि आमच्या बाळच्या चपला तरंगत मास्तरांच्या दारात निघालेल्या असतात. (बाळ म्हणजे माझा मुलगा. पाण्याचे पंप दुरुस्त करतो. साठीला टेकलाय, पण नाव पडलं ते पडलं.)

यावर गल्लीनं उपाय शोधलाय. पाणी येऊन गेलं की गवंडी येतो आणि प्रत्येक उंबऱ्यावर एक वीट चढवतो. पुढच्या खेपेला पाणी विटेच्या वर आलं, तर आणखी एक वीट. सगळ्यांना हे पटलंय. एका विटेला कोण नाही म्हणणार? असं करता करता आमचा उंबरा माझ्या कमरेला लागलाय. आत एक स्टूल, बाहेर एक स्टूल. घरात यायचं म्हणजे घोड्यावर मांड टाकल्यासारखं. उन्हाळ्यात मी त्या घोड्यावरून पडले. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता उंबरा ओलांडायचा नाही." तेव्हापासून मी आत आणि गल्ली खिडकीत.

आज एवढंच. सूनबाईच्या बोटाला कळ लागली म्हणे. मला ऐंशी वर्षं बोलून कधी लागली नाही.

७ सप्टेंबर

आज आमच्याकडे बैठक झाली. बैठक आमच्याकडेच होते, कारण मी बाहेर जाऊ शकत नाही आणि आमच्या सूनबाईचा चहा बरा असतो. (हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं का बघायला हवं.)

मास्तर आले. पिवळ्या दारात राहतात, शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. समोरच्या हिरव्या दारातली शिंपीणबाई आली. गवंडी आला. त्याच्या दाराला रंगच नाही, नुसता तांबडा प्रायमर. लग्नाच्या वेळी फासला होता, वरचा हात "सवडीनं" देणार होता, आता त्याला नातू झालाय. प्रत्येक जण दोन्ही स्टुलांवरून चढून उतरून आत आला, एकमेकांना हात देत. मास्तरांचं धोतर विटेत अडकलं. शिंपीणबाई म्हणाली, "थांबा, फाटलं तर मलाच शिवावं लागेल, आणि तुम्ही घासाघीस करता."

मास्तरांनी समजावून सांगितलं. धुरानं पृथ्वी तापते, लांबचं बर्फ वितळतं, समुद्राचं पाणी वाढतं, ते खाडीत शिरतं.

मी म्हटलं, "एवढ्या लांबून येतं ते बरोबर आमच्याच गल्लीत?"

"सगळीकडेच जातं, आजी."

"मग सगळीकडची माणसं काय करतायत?"

मास्तर म्हणाले, "बैठका घेतायत."

पालिकेनं टेकडीवर नवी इमारत बांधलीय. तिचा तिसरा मजला आमच्या गल्लीसाठी राखून ठेवलाय. अट एकच, जायचं तर सगळ्या गल्लीनं मिळून जायचं. वर्षअखेरीपर्यंत गेलो नाही, तर मजला दुसऱ्या वस्तीला.

सगळे म्हणाले, जायलाच हवं. एकमत झालं. मग मास्तर म्हणाले, "पण धूर केला कुणी? मोठमोठ्या देशांनी, कारखान्यांनी. आणि बिऱ्हाड हलवायचं आपण? आधी त्यांनी हलावं." शिंपीणबाई म्हणाली, "माझं गिऱ्हाईक टेकडी चढून पोलक्याची बाही उसवायला येणार आहे होय?" गवंडी म्हणाला, "अजून चार विटा आरामात बसतील." बाळ म्हणाला, "सगळे जाणार असतील तर माझी ना नाही."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आजी, तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "मी काय म्हणणार? पिकलं पान. माझ्या म्हणण्यानं खाडी मागे सरणार आहे का?"

सगळे हसले, चहा प्याले आणि स्टुलं चढून गेले. भिजत घोंगडं तसंच राहिलं. माणसांची कमाल वाटते. इतकी शिकलेली माणसं, पण एक जण पुढे होऊन "चला" म्हणेल तर शपथ.

१५ सप्टेंबर

पाणी आलं. गेलं. गवंडी आला. एक वीट.

२१ सप्टेंबर

पालिकेची साहेबीण आली होती. साहेबीण म्हणजे तिशीतली पोरगी, डोक्याला पिवळी टोपी, हातात नकाशाची गुंडाळी. स्टुलावरून उतरताना म्हणाली, "आजी, हा उंबरा आहे की धरण?" मला ती लगेच आवडली.

बाळ कामावर होता. मी म्हटलं, बस, मला सांग तुझ्या इमारतीचं. ती भरभरून बोलायला लागली. उजेड, वारा, चोवीस तास पाणी.

"पाणी इथंही चोवीस तास आहे," मी म्हटलं.

ती हसली. लिफ्ट आहे म्हणाली.

"कोण चालवतं?"

"कुणी नाही आजी. आपणच बटण दाबायचं. आकडे लिहिलेले असतात ना."

"बरं. आणि दारं?"

"दारं एकदम मजबूत."

"तसं नव्हे. दिसायला कशी?"

"सगळी सारखी. पांढरी. वर नंबर घातलेत."

"हं," म्हटलं. "माझे गुडघे दुखतात. टेकडीवर वारं फार. मला नाही मानवायचं."

"पण आजी, लिफ्ट..."

"लिफ्टमध्ये मला घेरी येते."

"तुम्ही कधी बसलाय लिफ्टमध्ये?"

"नाही. म्हणून तर कधी आली नाही."

ती गेल्यावर सूनबाईला म्हटलं, इमारत चांगली दिसते, आमचा बाळच कच खातो, त्याला सांग जरा धीट हो म्हणून. आता हे लिहिताना सूनबाई "सगळी सारखी" इथं थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, काय झालं, लेखणी अडली का? म्हणाली, "काही नाही आई, सांगा पुढे." पुढे काही नव्हतंच.

२३ सप्टेंबर

खिडकीतून दिवस बरा जातो, हे कुणाला सांगून पटत नाही. नवा टपालवाला हातात कागद धरून नंबर शोधत फिरतो. आमच्या गल्लीत निम्मे नंबर पाण्यानं धुऊन गेलेत. मग मी हाक मारते, "अरे, मास्तरांचं ना? पिवळं दार. शिंपीणबाई? हिरवं, खाली कुत्र्यानं ओरबाडलंय ते." आमचं निळं. लग्न होऊन आले तेव्हा सासरेबुवांनी सांगितलं होतं, पोरी, चुकलीस तर निळं दार बघ. तेव्हापासून एकदाही चुकले नाही. शाळा शिकलेला टपालवाला रोज चुकतो.

५ ऑक्टोबर

बाळला काय झालंय कळत नाही. दर रविवारी सकाळी जातो, संध्याकाळी येतो. कुठे होतास? "टेकडीवर एक पंप बसवायचाय." आज जेवायला बसला तर नखांत निळं. म्हटलं, पंपाला रंग लावतोस का? म्हणाला, "गंज चढू नये म्हणून." म्हटलं, मग घराच्या दाराला लाव की, पोपडे निघालेत. मान खाली घालून जेवत राहिला. लहानपणीही चोरी करून असाच जेवायचा.

सूनबाईला खोकला झाला. लिहितानाच होतो.

१३ ऑक्टोबर

पुन्हा बैठक. मास्तरांनी एक कागद वाचून दाखवला, त्यात जगभरातल्या शहाण्या लोकांनी इशारा दिलाय म्हणे. मी विचारलं, पहिल्यांदा कधी दिला? मास्तर म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा." आणि आता? "आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली." म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक गंमत सांगायची राहिली. मास्तरांच्या सदऱ्याला पिवळा डाग होता. शिंपीणबाईनं तो बघितला आणि पदर तोंडाला लावला. म्हातारपणी माणसं हसायला कारणं शोधतात.

उठताना शिंपीणबाई माझ्यापाशी आली, हळूच म्हणाली, "आजी, तुमचं ठरलं की आमचं काय, उठलोच."

म्हटलं, "माझं कशाला ठरायला हवं? मी कुठं नाही म्हणतेय?"

"हो म्हणालात का पण कधी?"

"बाई, तू बाह्या उसव. शब्द उसवू नकोस."

गवंड्यानं जाता जाता आमचा उंबरा वितीनं मोजला आणि म्हणाला, "अजून एक बसेल."

२८ ऑक्टोबर

आजचं अक्षर वाकडं येईल. सूनबाई डाव्या हातानं लिहितेय. नको म्हटलं तर ऐकत नाही.

काल दुपारी मोठं उधाण होतं. बाळ टेकडीवर त्या पंपाकडे. मी खाटेवर. खिडकीतून बघत होते, पाणी गल्लीत शिरलं, आमच्या उंबऱ्याशी आलं आणि थांबलं. म्हटलं, वा रे गवंड्या. इतक्यात न्हाणीघरातून ढेकर दिल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. मोरीतून पाणी वर यायला लागलं. काळं, फेसाळलेलं. खाडीनं पुढचं दार बंद बघितलं आणि मागून आली.

बघता बघता खाटेच्या चौकटीला लागलं. सूनबाईनं आधी विजेचं मेन बंद केलं. मग माझ्याकडे यायला लागली. फरशीवर गाळ, पाय सरकला, उजव्या हातावर पडली. पाण्यात बसून राहिली, हात पोटाशी धरून. तशीच म्हणाली, "आई, तुम्ही हलू नका."

माझ्याकडे येत होती म्हणून पडली. हे लिहू नको म्हणते. लिही.

बाळ धावत आला. गवंडी आला, मास्तर आले. तोवर बाहेर ओहोटी लागलेली. गल्लीत घोट्याएवढं पाणी आणि आमच्या घरात मांडीएवढं. बाहेर उतरतंय, आत जिथल्या तिथं. इतक्या वर्षांच्या विटा, भक्कम काम, एक थेंब बाहेर जाईल तर शपथ. सूनबाईनं त्या स्थितीतही म्हटलं, "हौद बांधलाय आपण, आणि आत आपणच." मला ती त्या क्षणी फार आवडली. हे तिनं लिहिलं नाही तर मी अन्न घेणार नाही.

बाळनं पहार घातली, गवंड्यानं घण. स्वतःचंच काम फोडताना गवंडी प्रत्येक घावाला म्हणत होता, "माल चांगला होता हो. माल चांगला होता." शेवटी उंबरा फुटला आणि सगळं पाणी लोंढ्यानं बाहेर गेलं. दोन्ही स्टुलं गेली, बाळच्या चपला गेल्या, गवंडीही दोन घरं पुढे जाऊन बसला.

हिरव्या दारातही तेच झालं. शिंपीणबाईचं मशीन बुडालं, मोटर गेली. ती पायरीवर बसून मशीनचं चाक कोरड्या फडक्यानं पुसत होती. पुसून झालं की पुन्हा पुसत होती.

सूनबाईच्या मनगटाचं हाड चिरलंय. डॉक्टर म्हणाले, लिहायचं नाही. ही म्हणे डावा हात सांगितला नाही त्यांनी.

२९ ऑक्टोबर

सकाळी गवंडी आला. हातगाडीवर विटा, सिमेंट. नवा उंबरा घालायला. फुटलेल्या जागेसमोर उभा राहिला. मास्तर आले, शिंपीणबाई आली, बाळ दारात. आजूबाजूचे सगळे आपापल्या दारात.

गवंडी म्हणाला, "आजी, किती उंच करू?"

मी उंबऱ्याकडे बघितलं. उंबरा नव्हताच. दारापासून गल्लीपर्यंत सरळ जमीन होती, ओली. उन्हाळ्यापासून मी तिथं पाय ठेवला नव्हता. सूनबाई गळ्यात हात अडकवून उभी होती, डाव्या हातात माझी काठी.

म्हटलं, "राहू दे रे आजचा दिवस. मला जरा वर जाऊन यायचंय. ते टेकडीवरचं काय आहे ते बघून यावं म्हणते. नुसतं बघायचंय हां. राहायचं नाही."

सूनबाईनं काठी दिली. मी बाहेर आले. ऊन डोळ्यांत गेलं.

आता पुढचं मला अजून उलगडलेलं नाही. मी गल्लीत चार पावलं टाकली असतील, तोच मास्तर घरात गेले आणि ट्रंक घेऊन बाहेर आले. बांधलेली. शिंपीणबाईचं मशीन पोत्यात गुंडाळलेलं, वर दोन गाठोडी. गवंड्याच्या सुनेनं पोराला कडेवर घेतलं आणि भांड्यांची पाटी डोक्यावर. सगळी गल्ली. बाळनं आमच्या माळ्यावरून तीन बोचकी काढली, आणि मला वाटत होतं माळ्यावर जुनी रद्दी आहे. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. कुणाच्या तरी कामाला आला असेल.

म्हटलं, "अरे, तुम्ही कुठं निघालात?"

शिंपीणबाई म्हणाली, "बघायला. नुसतं बघायचंय हां."

आता बघा. सगळ्यांची बोचकी कधीची बांधलेली. मग इतके दिवस थांबले होते कुणासाठी, देव जाणे.

निघताना बाळनं दार ओढून घेतलं. मी निळ्याला हात लावला. पोपडा निघून हातात आला. तो मी कमरेला खोचलाय.

३० ऑक्टोबर

टेकडीवर. बघून झालं. आता उतरायला टेम्पो नाही म्हणून राहिलोय.

लिफ्टमध्ये घेरी आली नाही. हे साहेबिणीला सांगू नका. बटणांत एकावर कुणीतरी तांबड्या मखमलीचा तुकडा चिकटवलाय, कडेनं टाका घालावा तसा नीट कापलेला. तेवढंच बोटाला मऊ लागतं. तेच दाबायचं.

वर दार उघडलं आणि मी बघतच राहिले. साहेबीण म्हणाली होती, सगळी पांढरी, सगळी सारखी. खोटारडी. पहिलंच दार पिवळं. पुढे हिरवं, आणि खाली कुत्र्यानं ओरबाडल्यासारखी रेघही आहे. त्याच्या पुढे नुसता तांबडा प्रायमर, वरचा हात नाही. शेवटी निळं. मी कमरेचा पोपडा काढून लावून बघितला. तोच.

पालिकेला मी इतकी वर्षं नावं ठेवली, ते चुकलंच. सरकारी माणसं इतकी बारकाईनं काम करतात, वाटलं नव्हतं. बाळला म्हटलं, बघ, शिक काहीतरी. तो म्हणाला, "हो आई." मास्तर खिडकीतून टेकडी बघायला लागले.

दाराला उंबरा नाही. गवंडी उगाच तिथं उभा होता, हात कुठं ठेवावेत कळत नसल्यासारखा.

१२ नोव्हेंबर

खिडकीतून खाली आपली गल्ली दिसते. कालच्या उधाणाला दारं अर्धी बुडाली. मागची वरची आळी मात्र इथून कोरडीच दिसते. गवंडी सकाळी हत्यारं घेऊन निघाला. कुठे रे? "वरच्या आळीनं बोलावलंय, आजी. काल पाणी त्यांच्या पायरीला लागलं." टेकडीवर अजून दोन मजले रिकामे आहेत, सांगितलंस का त्यांना? "सांगितलं. त्यांचं एकमत आहे, जायलाच हवं म्हणून." मग? "सध्या एक वीट."

काय ती माणसं. मास्तर म्हणतात, जगच तसं आहे. म्हटलं, मास्तर, आपणही त्या जगात मोडतो का? म्हणाले, "आपण निघालो ना, आजी." खरं आहे. मीच पुढाकार घेतला.

१५ नोव्हेंबर

आज दुपारी सूनबाई डॉक्टरकडे, बाळ कामावर. मी एकटी खाली गेले. बाकावर ऊन खात बसले, साहेबिणीशी भांडले, परत आले. मखमल दाबली. पिवळं, हिरवं, प्रायमर, निळं. आत आले.

कुणी सोबत नव्हतं. चुकले नाही.

एकच शंका राहते, ती लिहून ठेव, साहेबीण पुन्हा आली की विचारीन. गवंड्याचं दार रंगवायचं राहिलंय हे पालिकेला कळलं कसं?

सूनबाईनं लेखणी खाली ठेवली. म्हटलं, हात दुखतो का? नाही म्हणाली. मग डोळ्यात काय गेलं? काही नाही म्हणाली, पुढे सांगा.

पुढे काही नाही. चहा टाक.